स्वस्त खोली घेतली म्हणून गप्प बसायचं का?

जालन्याहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देत आहे.

"माझी आई 74 वर्षांची आहे. अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं देवीपर्यंत येतात तो सोहळा, एकदा तरी डोळ्यांनी बघायचा, असं ती बाबा होते तेव्हापासून म्हणायची. या नोव्हेंबरात मी, माझी मुलगी आणि आई अशा तिघी रात्रीच्या गाडीने कोल्हापूरला गेलो. मी शाळेत कारकून आहे, पैसे जपूनच खर्च करावे लागतात. ॲपवर देवळाजवळचं एक हॉटेल सापडलं. 9 आणि 10 तारखेच्या दोन रात्रींचे मिळून 2,998 रुपये आधीच भरले. फोटोत पांढऱ्या चादरी, मोठी खिडकी, खाली 'लिफ्ट' आणि '24 तास गरम पाणी' असं लिहिलेलं. गेलो तर लिफ्ट बंद आणि खोली तिसऱ्या मजल्यावर. आई दर मजल्यावर थांबत वर चढली. तिसऱ्या माणसाचे म्हणून मॅनेजरने 600 रुपये स्वतःच्या नंबरवर यूपीआयने घेतले, पावती दिली नाही. गरम पाणी फक्त सकाळी सहा ते आठ. रात्री दोनच्या सुमाराला आई खाजवत उठली. दिवा लावला तर उशीच्या अभ्र्यावर ढेकूण. मुलीने मोबाइलवर फोटो काढले. मी खाली जाऊन सांगितलं तर मॅनेजर म्हणाला, 'मॅडम, या रेटमध्ये असंच असतं. पाहिजे तर दुसरीकडे बघा.' खोली बदलून दिली नाही. रूमबॉय मात्र, अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, गुपचूप धुतलेली चादर वर आणून देऊन गेला. आई उरलेली रात्र खुर्चीत बसून होती. किरणोत्सवामुळे दुसरीकडे कुठेच खोली मिळेना, म्हणून सकाळी आम्ही परत निघालो. पहिल्या संध्याकाळी किरणं देवीच्या पायांशी आली, तेवढं तिने बघितलं. ॲपवाले म्हणतात बुकिंग नॉन-रिफंडेबल आहे. पुण्याचा भाऊ फोनवर आईला ऐकू जाईल असं म्हणाला, 'दीड हजारात काय राजवाडा मिळणार होता?' आणि आई म्हणते, 'आता मला कुठे नेऊ नका.' परत येऊन दोन आठवडे झाले, अजून जीव रमत नाही. माझं चुकलं का? पैसे परत मिळतील का? आईला काय सांगू?"

ताई,

पैशांचं, भावाचं, आईचं सगळं बोलू. त्याआधी एक विचारते. कोल्हापूरला नेलेल्या बॅगा आत्ता कुठे आहेत? पलंगाखाली किंवा कपाटावर असतील तर आजच्या आज बाहेर काढा. ढेकूण माणसाच्या अंगावर मुक्काम करत नाही, तो सामानातून प्रवास करतो. बॅगेच्या शिवणीत, चेनच्या पट्टीखाली, आतल्या कप्प्याच्या घडीत तो दडून बसतो आणि उपाशीपोटी कित्येक महिने तग धरतो. त्यामुळे दोन आठवडे झाले, आता मेले असतील, असं धरून चालू नका. त्या प्रवासातले धुता येतील ते सगळे कपडे कढत पाण्यात अर्धा तास भिजवून धुवा. मशीनला गरम पाण्याची सोय असेल तर 60 अंशांवर लावा. नुसत्या उन्हावर विसंबू नका, कारण ऊन वरून तापवतं आणि शिवणीतला ढेकूण सावलीकडे सरकतो. बॅग रिकामी करून, झटकून, कडा ब्रशने घासून मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा.

मग रात्री मोबाइलचा टॉर्च लावून आईच्या पलंगाची गादी बघा. गादीच्या कडेची शिवण बोटाने उलगडत न्या, विशेषतः डोक्याकडचे दोन कोपरे आणि पलंगाच्या फळ्यांच्या खाचा. बॉलपेनच्या टोकाने ठिपके दिल्यासारखे बारीक काळे डाग दिसले, तर ढेकूण घरात आले आहेत असं समजा. अजून महिनाभर आठवड्यातून एकदा हे करत राहा. आढळलेच तर बाजारातला फवारा मारून मोकळ्या होऊ नका, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा आणि तो दोनदा येईल असं आधीच ठरवून घ्या. पहिल्या फवारणीत अंडी मरत नाहीत, आठवड्या-दहा दिवसांनी ती फुटतात. त्याचं बिल जपून ठेवा, ते पुढे लागेल. आईच्या अंगावरच्या चट्ट्यांची फार काळजी करू नका. ढेकणाच्या चावण्यातून कुठला आजार पसरत असल्याचं आढळलेलं नाही. खाज मात्र या वयात त्वचा सोलेपर्यंत जाते, तेव्हा चट्टे अजून गेले नसतील तर डॉक्टरांना दाखवा आणि त्यांच्या चिठ्ठीवर तारीख घालून घ्या.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. तुमचं चुकलं का? नाही. तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकलं ते मॅनेजरचं वाक्य, आणि त्याहून जास्त हे की तेच वाक्य तुमच्या भावाने वेगळ्या शब्दांत म्हटलं आणि मग तुम्हीही स्वतःला तेच विचारू लागलात. या रेटमध्ये असंच असतं, हे आपण सगळे इतक्या सहज मान्य करतो की तक्रार करणाऱ्यालाच ओशाळं वाटतं. म्हणून कमी पैशात काय मिळतं आणि काय मिळायलाच हवं, हे एकदा नीट बोलू या.

दीड हजारात खोली लहान असणार, खिडकी शेजारच्या भिंतीकडे उघडणार, टॉवेल पातळ असणार. टीव्हीवर निम्मे चॅनल दिसणार नाहीत. रस्त्याचा आवाज येणार, चहा खाली जाऊन प्यावा लागणार. याबद्दल कुरकुर केलीत तर मीही म्हणेन की ताई, एवढं चालवून घ्या. पण धुतलेली चादर, आतून नीट लागणारी कडी, नळाला पाणी, चालू स्थितीतलं संडास-बाथरूम, आणि बुकिंग करताना जे लिहून दिलं ते खरं असणं, या गोष्टी भाड्याच्या आकड्यावर अवलंबून नाहीत. दोनशे रुपयांच्या डॉर्मिटरीतल्या खाटेवरही त्या मिळायला हव्यात. 'लिफ्ट आहे' असं लिहून ज्येष्ठ नागरिकाला तीन जिने चढायला लावणं याला स्वस्ताई म्हणत नाहीत, ती खोटी जाहिरात झाली. लिफ्ट नाही असं लिहिलं असतं तर तुम्ही दुसरं हॉटेल बघितलं असतं, इतकी साधी गोष्ट आहे.

ढेकणांच्या बाबतीत मात्र हॉटेलला एक न्याय द्यायला हवा. ढेकूण महागड्या हॉटेलांतही निघतात, कारण ते पाहुण्यांच्या सामानातून येतात आणि पाहुणे रोज नवे असतात. एखाद्या खोलीत ढेकूण निघाला एवढ्यावरून मी हॉटेल वाईट ठरवणार नाही. सांगितल्यावर हॉटेलने काय केलं, यावर ठरवीन. रात्री दोन वाजता 74 वर्षांच्या बाईला ढेकूण चावताहेत हे कळल्यावर दुसरी खोली द्यायची, नसेल तर गादी बदलायची, तेही शक्य नसेल तर हात जोडून पैसे परत करायचे. यातलं काहीच न करता 'दुसरीकडे बघा' म्हणणं, तेही अख्खं गाव किरणोत्सवासाठी भरलेलं असताना, हा त्या माणसाचा दोष आहे. तुमच्या बजेटचा नाही.

पैसे परत मिळण्याची शक्यता चांगली आहे, पण काम उद्यापासून सुरू करा. सर्वांत आधी ॲपवरचं त्या हॉटेलचं पान उघडून स्क्रीनशॉट काढा, लिफ्ट आणि गरम पाण्याचा उल्लेख दिसेल असे. तक्रार गेली की ही पानं बदलतात. बुकिंगची ईमेल शोधा, त्यात बऱ्याचदा सोयींची यादी असते. बिल डाउनलोड करा. 600 रुपयांची पावती नाही म्हणून खंतावू नका, यूपीआयची नोंद हाच पुरावा आहे आणि तो पैसा हॉटेलच्या खात्यात न जाता एका माणसाच्या नंबरवर गेला हे त्यात स्पष्ट दिसतं. मुलीने काढलेले फोटो मूळ स्वरूपात ठेवा, व्हॉट्सॲपवरून फिरवलेले नकोत. मूळ फाइलमध्ये तारीख-वेळ राहते.

मग ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. कस्टमर केअरच्या चॅटवर नको, तिथे ठरावीक उत्तरं मिळतात. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अशा प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव, संपर्क ॲपवर किंवा वेबसाइटवर द्यावा लागतो. पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात असतो, शोधा. त्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा, असं नियमातच आहे. हीच ईमेल हॉटेललाही पाठवा. मजकूर साधारण असा असू द्या:

"बुकिंग क्रमांक अमुक. 9 नोव्हेंबरला आम्ही तिघी हॉटेलवर पोचलो. आमच्यात 74 वर्षांच्या ज्येष्ठ नागरिक होत्या. बुकिंगच्या पानावर लिफ्ट आणि 24 तास गरम पाणी असं नमूद होतं (जोड 1). लिफ्ट बंद होती, खोली तिसऱ्या मजल्यावर दिली. गरम पाणी सकाळी 6 ते 8 एवढंच. रात्री सुमारे 2 वाजता अंथरुणात ढेकूण आढळले (जोड 2 व 3). लगेच काउंटरवर सांगितलं. खोली बदलून दिली नाही. त्यामुळे 10 तारखेला सकाळी खोली सोडावी लागली. तिसऱ्या व्यक्तीचे 600 रुपये वैयक्तिक यूपीआय क्रमांकावर घेतले, पावती दिली नाही (जोड 4). दोन्ही रात्रींचे 2,998 रुपये, वरचे 600 रुपये आणि औषधोपचाराचा खर्च परत मिळावा. लेखी उत्तर द्यावे."

यात राग, दुःख, आईचं स्वप्न, काही घालू नका. ते खरं आहे, पण तक्रारीत त्याची गरज नाही. तारीख, वेळ, काय लिहिलं होतं, काय मिळालं, काय मागतो, एवढंच. आणि दोन्ही रात्रींचे पैसे मागा. पहिली रात्र तुम्ही तिथे काढलीत हे खरं, पण आई खुर्चीत बसून होती. त्याचं भाडं कशाबद्दल द्यायचं? ते कदाचित दुसऱ्या रात्रीचे परत देऊन मिटवू म्हणतील. तेव्हा घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण सुरुवात पूर्ण रकमेपासून करा.

'नॉन-रिफंडेबल'ला घाबरून जाऊ नका. आपला बेत बदलला, आपण गेलोच नाही, तर ती अट लागू होते. तुम्ही गेलात, आणि जे विकलं होतं ते मिळालं नाही. कायद्याच्या भाषेत याला सेवेतील त्रुटी म्हणतात, आणि बुकिंगच्या वेळी कुठल्या चौकोनात टिक केली म्हणून तो हक्क जात नाही.

महिना गेला आणि उत्तर आलं नाही, किंवा गोलमोल आलं, तर 1915 वर फोन लावा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तक्रार नोंदवून घेतात, क्रमांक देतात आणि कंपनीकडे पाठपुरावा करतात. ते न्यायालय नाही, हुकूम देऊ शकत नाहीत, पण अशा छोट्या रकमा पुष्कळदा इथेच सुटतात, कारण कंपनीलाही एवढ्यासाठी प्रकरण वाढवायचं नसतं.

तिथेही नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातली एक सोय तुमच्यासाठी फार मोलाची आहे: ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे कोल्हापूरला खेटे घालायची गरज नाही, जालन्यातच दाखल करा. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही होते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील लावायलाच हवा असंही नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे, त्यामुळे घाई नाही. साडेतीन हजारांसाठी एवढं करावं का? माझं मत विचाराल तर ॲपचा अधिकारी आणि 1915 इथवर जाच, त्यात तुमचा एखादा रविवार जाईल. आयोगाकडे जायचं की नाही हे तेव्हाच्या तुमच्या अंगातल्या बळावर ठरवा. गेलात तर एकट्या जाऊ नका. आपल्याकडे ग्राहक चळवळ जुनी आहे, मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून काम करते, आणि ग्राहक संघटनांचे कार्यकर्ते अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी आहेत. अर्ज कसा लिहायचा हे ते बसून सांगतात.

ॲपवर रिव्ह्यू जरूर लिहा, ईमेलमधलीच माहिती थोडक्यात. शिव्याशाप नकोत, 'घाणेरडं हॉटेल' असंही नको. "लिफ्ट बंद, तिसरा मजला, ढेकूण, खोली बदलून मिळाली नाही" हे वाचून पुढचं कुटुंब आपल्या म्हाताऱ्या माणसाला तिथे नेणार नाही, एवढं पुरे. त्या चादर आणून देणाऱ्या मुलाचा उल्लेख मात्र कुठेच करू नका, कौतुक म्हणूनही नाही. मॅनेजर नको म्हणत असताना त्याने ते केलं. तुमच्या रिव्ह्यूमुळे त्याची नोकरी जाऊ नये.

आता भाऊ. त्याच्याशी भांडू नका, पण गप्पही राहू नका. तो जे बोलला ते आईने ऐकलं आणि आईच्या मनात त्याचा अर्थ 'माझ्यापायी पोरीचे पैसे गेले आणि वर तिला बोलणी बसली' असा झाला असणार. भावाला फोन करा, आई जवळ नसताना. सांगा की दीड हजारात राजवाडा मी मागितला नव्हता, लिफ्ट आणि स्वच्छ चादर मागितली होती, कारण तसं लिहिलेलं होतं. आणि तू हे आईसमोर बोलायला नको होतंस. मग त्याला एक ठोस काम द्या: पुढच्या वेळचं हॉटेल तू बघ, किंवा खोलीचा खर्च तू उचल. लांब राहणाऱ्या भावंडांना पुष्कळदा काय करावं ते कळत नाही, म्हणून ते मतं देतात. काम दिलं की निम्मी मतं आपोआप कमी होतात. दिलं आणि त्याने नाही केलं, तर निदान तुमच्या मनातला हिशेब तरी साफ होईल.

आईचं 'मला कुठे नेऊ नका' हे मला प्रवासाचा कंटाळा म्हणून वाटत नाही. तिने तीन जिने चढले, रात्र खुर्चीत काढली, पण तुमच्या पत्रात तिने स्वतःच्या त्रासाबद्दल काढलेला एकही शब्द नाही. तिला लागलं असणार ते बहुधा रात्री दोन वाजता काउंटरवर तिच्यासाठी वाद घालणाऱ्या मुलीचं. त्या पिढीच्या बायका आपल्यामुळे कुणाला त्रास झाला की लगेच स्वतःला बाजूला काढतात. म्हणून तिची पुन्हा पुन्हा माफी मागू नका. जितकी माफी मागाल तितकी ती अधिक अवघडेल. त्याऐवजी तिला तक्रारीत घ्या. ढेकूण पहिल्यांदा तिने बघितला, तिला किती वाजता जाग आली, लिफ्ट बंद आहे हे कोण म्हणालं, हे तिला विचारून लिहा. मसुदा वाचून दाखवा. आपल्यासाठी मुलगी भांडते आहे यापेक्षा आपण दोघी मिळून भांडतो आहोत हे तिला पेलायला सोपं जाईल.

आणि तिला त्या संध्याकाळचं विचारा. हॉटेलच्या गोष्टीने ती संध्याकाळ झाकून टाकली आहे. देऊळ पश्चिमाभिमुख, मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरत, पुढे सरकत गाभाऱ्यापर्यंत येतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी मध्यभाग, तिसऱ्या दिवशी मुख, असा क्रम सांगतात, आणि ढग किंवा धुकं आडवं आलं तर तेवढंही दिसत नाही. तिने चरणांपर्यंतची किरणं बघितली. किती जणांना दोन-तीनदा जाऊनही ते दिसत नाही! शेजारच्या बायकांना तिने हे अजून सांगितलं आहे का? नसेल तर एखाद्या दुपारी दोघीतिघींना चहाला बोलवा आणि विषय काढा. तिला बोलू द्या, ढेकणांचं तुम्ही काढू नका.

पुन्हा जाण्याबद्दल आत्ता आग्रह नको. पण किरणोत्सव वर्षातून दोनदा असतो, दुसरा जानेवारीच्या शेवटाला, 31 पासून 2 फेब्रुवारीपर्यंत. तेव्हा जायचं असो की पुढच्या नोव्हेंबरात, पद्धत थोडी बदला.

देवळाच्या अगदी जवळ राहायचा हट्ट सोडा. महाद्वार रोड, ताराबाई रोड, भवानी मंडपाच्या आसपास जागा दाटीची, इमारती जुन्या, जिने अरुंद. किरणोत्सव, नवरात्र, सुट्ट्या या दिवसांत तिथले दर चढतात आणि तरीही खोल्या भरतात, त्यामुळे गिऱ्हाइकाला कुणी विचारत नाही. स्टेशन किंवा मध्यवर्ती बसस्थानकाच्या बाजूला बघा. तिथून देऊळ दोनेक किलोमीटर, रिक्षाने जाता येतं. त्याच पैशात जरा मोकळी खोली मिळण्याची शक्यता जास्त.

ॲपवर हॉटेल शोधा, पण मग थेट हॉटेलला फोन करा. आमच्याबरोबर ज्येष्ठ नागरिक आहेत, खोली कितव्या मजल्यावर द्याल? लिफ्ट आज चालू आहे का? गरम पाणी किती ते किती? कमोड आहे का? तिसऱ्या माणसाचे किती आणि ते बिलात येतील का? फोनवर उत्तर देणारा माणूस नीट बोलला तर व्हॉट्सॲपवर तेच एका ओळीत लिहून पाठवा आणि 'ओके' मागवा. पुढे काही झालं तर ती ओळ कामाला येते. उत्तर द्यायला कंटाळणारा माणूस तुमची रात्रीची तक्रारही ऐकणार नाही, तिथे जाऊच नका. रिव्ह्यू वाचताना ताजे वाचा, कमी तारे दिलेले आधी वाचा, आणि हॉटेलने टाकलेल्या फोटोंऐवजी राहून गेलेल्यांनी टाकलेले फोटो बघा.

सर्वांत महत्त्वाचं, 'हॉटेलवर पैसे द्या' हा पर्याय असेल तर शंभर-दोनशे रुपये जास्त पडले तरी तोच घ्या. आपल्याकडे लॉजवर गेलं की आधी खोली बघायची, मग वहीत नाव लिहायचं, ही रीत होती. वडीलधारी मंडळी काउंटरवरूनच म्हणायची, "आधी खोली दाखवा." आगाऊ पैसे भरायची सवय लागल्यापासून ही रीत गेली आणि गिऱ्हाइकाच्या हातातलं बळही गेलं. ती परत सुरू करा. पैसे भरलेले असले तरी खोली बघितल्याशिवाय वहीत सही करू नका.

खोलीत शिरल्यावर बॅगा पलंगावर टाकू नका, बाथरूमच्या फरशीवर ठेवा. आईला बाहेर खुर्चीवर बसवा. चादरीचा डोक्याकडचा कोपरा उचलून गादीची शिवण टॉर्चने बघा, उशीचा अभ्रा उलटा करा, गरम पाण्याचा नळ सोडा, फ्लश ओढा, दाराची कडी आणि खिडकीची खिटी लावून बघा. पाच मिनिटंही लागत नाहीत. काही खटकलं तर तिथल्या तिथे खाली जाऊन दुसरी खोली मागा. दुपारी दोनला खोली बदलून मिळते, रात्री दोनला मिळत नाही. आणि तिसऱ्या माणसाचे पैसे मागितले तर म्हणा, "बिलात घाला, मग देते."

एक मात्र माझं आवर्जून सांगणं आहे. आईची पुढची सहल कोल्हापूरची नसावी. जवळची असावी, एका रात्रीची. जालन्याहून शेगाव चांगलं. गजानन महाराज संस्थानच्या भक्तनिवासाचं नाव लोक स्वच्छतेसाठी मुद्दाम घेतात, आणि तिथली शिस्त म्हाताऱ्या माणसांना मानवते. गर्दीचे दिवस, गुरुवार, प्रकटदिन हे टाळून मधल्या वारी जा, खोली कशी मिळते ते आधी संस्थानकडे विचारून घ्या. आईला 'फिरायला नेते' म्हणू नका, 'मला जायचं आहे, सोबत चल' म्हणा.

तोवर ईमेल पाठवा. पाठवलीत की तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, दोन दिवसांत पोच आली का ते बघा, नाही आली तर त्याच ईमेलवर "पोच मिळालेली नाही" एवढं एक वाक्य लिहून पुन्हा पाठवा. त्यांचं उत्तर आलं की मला कळवा. ते पैसे कापून द्यायची भाषा करत असतील तर पुढचं उत्तर काय लिहायचं ते आपण मिळून ठरवू.